पदक आणि अधिकार

दरवर्षी १२ मे उजाडला की रुग्णालयांतून मेणबत्त्या उजळतात, परिचारिका शपथेचा पुनरुच्चार करतात, कोणी पाहुणा दोन शब्द बोलतो आणि गुलाबाचे एकेक फूल देऊन समारंभ आटोपतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांचा हा जन्मदिवस. आमच्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांत एखादी लेक, सून वा बहीण ह्या व्यवसायात आहे. रविवारच्या मिस्साला रात्रपाळीहून थेट आलेली, डोळ्यांत झोप दाटलेली मुलगी आम्ही अनेकदा पाहतो. तेव्हा ह्या गौरवाबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु इतिहासाची पाने चाळताना एक प्रश्न आमचा पिच्छा सोडीत नाही. परिचारिकेच्या श्रेष्ठत्वाची खरी ओळख पटते ती कोणाला, आणि ती पटली हे कशावरून समजावे?

अतिदक्षता विभागातील परिचारिकेच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच अवघड होतो. तिचा रुग्ण बहुधा शुद्धीवर नसतो. बरा होऊन घरी गेला तरी तिचा चेहरा त्याला आठवत नाही. नातेवाईक काचेच्या दाराबाहेर बाकावर बसलेले असतात आणि दिवसातून ठरलेल्या वेळी क्षणभर आत डोकावतात. शिवाय तिच्या कामाचे यश म्हणजे पुष्कळदा काही न घडणे: नळी निसटली नाही, फुप्फुसात कफ साचला नाही, पाठीला जखम झाली नाही, पहाटे तीन वाजता रक्तदाब घसरू लागला तो वेळीच ध्यानात आला. जे घडलेच नाही त्याचे कौतुक कोण आणि कसे करणार? म्हणून ही ओळख आजवर कोणी, केव्हा आणि कोणत्या रूपाने दिली, ते थोडे मागे जाऊन पाहू.

१८५४ च्या शरद ऋतूत क्रिमियाच्या युद्धातील आजारी व जखमी ब्रिटिश सैनिकांच्या हालअपेष्टांची वर्णने लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये येऊ लागली. फ्रेंचांच्या सैन्याबरोबर संत व्हिन्सेंट डी पॉल ह्यांच्या परंपरेतील धर्मभगिनी आहेत, इंग्रजांच्या बाजूला मात्र कोणी नाही, ही तुलना इंग्रज वाचकांना झोंबली. मंत्री सिडनी हर्बर्ट ह्यांनी नाइटिंगेलबाईंना पाचारण केले. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी कॉन्स्टँटिनोपलसमोरच्या किनाऱ्यावरील स्कुटारी येथे त्या पोहोचल्या तेव्हा त्यांच्यासोबत ३८ स्त्रिया होत्या. पुष्कळांना ठाऊक नसते, की त्यांपैकी १० कॅथलिक धर्मभगिनी होत्या. पाच नॉरवुडच्या अनाथालयातील, आणि पाच लंडनच्या बर्मंडसी भागातील ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ संघाच्या मठातील. ह्या दुसऱ्या तुकडीच्या प्रमुख होत्या मदर मेरी क्लेअर मूर.

मदर क्लेअर ह्यांचा जन्म १८१४ साली डब्लिनमधील एका प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला. बालपणीच त्या कॅथलिक झाल्या आणि पुढे कॅथरिन मॅकऑली ह्यांच्या नव्याने उभ्या राहत असलेल्या संघात दाखल झाल्या. १८३२ साली डब्लिनमध्ये कॉलऱ्याची साथ पसरली तेव्हा ह्या संघाच्या भगिनी रुग्णांच्या खाटांशी उभ्या होत्या. १८३९ मध्ये बर्मंडसीचा मठ स्थापन झाला आणि त्याची धुरा मदर क्लेअर ह्यांच्याकडे आली. म्हणजे स्कुटारीला जाताना त्या चाळीस वर्षांच्या होत्या व संस्था चालविण्याचा पंधरा वर्षांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. नाइटिंगेलबाई चौतीस वर्षांच्या.

स्कुटारीत त्यांच्याकडे काय काम आले? हातात दिवा घेऊन फेरी मारण्याचे नव्हे. कपड्यांचे भांडार आणि रुग्णांच्या खास आहाराचे स्वयंपाकघर ह्यांवर त्यांची देखरेख असे. वाचकांना हे काम किरकोळ वाटेल. परंतु ज्याला हगवणीने पार गळून टाकले आहे, ज्याच्या पोटात सैन्याचे राठ मांस ठरत नाही, त्याला आरारूटची पेज वा मांसाचे पातळ सार ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मापाने, चमच्याने भरविणे, हीच त्या काळची अतिदक्षता होती. आज नळीवाटे अन्न देणारी परिचारिका मापाची जी काळजी घेते, तिचे मूळ असल्या स्वयंपाकघरात आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. १८५५ च्या फेब्रुवारीत स्कुटारीत उपचारासाठी आलेल्या दर शंभर रुग्णांमागे बेचाळीसहून अधिक मरत होते, आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्यात हे प्रमाण दोनच्या आसपास आले. दिव्याची दंतकथा हे सारे श्रेय एका व्यक्तीला देऊन मोकळी होते. वस्तुतः मार्चमध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे उपसली, पाणी शुद्ध केले, हवा खेळती केली, त्याचा ह्यात फार मोठा वाटा होता. पुढे ह्या मृत्यूंचे तक्ते व आकृत्या मांडून सरकारला जागे करणाऱ्या नाइटिंगेलबाईच होत्या, आणि आमच्या मते त्यांचे खरे मोठेपण दिव्यापेक्षा त्या तक्त्यांत आहे.

१८५६ च्या एप्रिलमध्ये मदर क्लेअर आजारपणामुळे इंग्लंडला परतल्या. त्या निघाल्या तेव्हा नाइटिंगेलबाईंनी त्यांना एक पत्र लिहिले. त्याचा आशय असा, की तुमची स्तुती करण्याचे वा आभार मानण्याचे धाडस मी करीत नाही, कारण तसे केल्यास तुम्ही हे काम देवासाठी नव्हे, माझ्यासाठी केले असा अर्थ होईल. मात्र मुख्य अधीक्षकपदाला तुम्ही माझ्याहून कितीतरी अधिक लायक होता, कारभाराच्या कौशल्यातही आणि वरिष्ठाच्या ठायी देव ज्या गुणांची किंमत करतो त्या गुणांतही. ज्या बाईचे नाव त्या वर्षी इंग्लंडच्या घराघरांत होते, तिने आपल्या हाताखाली काम केलेल्या एका धर्मभगिनीला हे लिहावे! ह्या ओळींची किंमत कोणत्याही पदकाहून आम्हांला अधिक वाटते. कारण त्या लिहिणारीने ते काम स्वतः केले होते. दोघींचा पत्रव्यवहार पुढेही चालू राहिला.

चित्राला दुसरी बाजूही आहे, आणि ती झाकणे इतिहासाला शोभणार नाही. १८५४ च्या डिसेंबरात मदर फ्रान्सिस ब्रिजमन ह्यांच्या नेतृत्वाखाली ह्याच संघाच्या पंधरा भगिनी मुख्यतः आयरिश मठांतून आल्या. आपल्या भगिनींवर आपलाच अधिकार राहील, ह्या मुद्द्यावर मदर ब्रिजमन अडून बसल्या आणि नाइटिंगेलबाईंशी त्यांचे अखेरपर्यंत जमले नाही. नाइटिंगेलबाई त्यांना खाजगीत ‘ब्रिकबॅट’ म्हणजे विटेचा तुकडा म्हणत! वास्तविक ह्या आयरिश भगिनी शुश्रूषेत कोणाहून उण्या नव्हत्या. जमैकाच्या मेरी सीकोल ह्यांना तर लंडनमध्ये नकारच मिळाला. त्या स्वखर्चाने बालाक्लाव्हाजवळ जाऊन राहिल्या आणि सैनिकांच्या उपयोगी पडल्या. पुढे त्या कॅथलिक झाल्या. १८८१ साली निधन पावल्यावर त्यांना लंडनच्या सेंट मेरीज कॅथलिक दफनभूमीत मूठमाती देण्यात आली आणि नंतर बराच काळ जग त्यांना विसरले. सेंट थॉमस रुग्णालयाच्या आवारात त्यांचा पुतळा उभा राहिला तो २०१६ साली. गौरवाच्या यादीत नाव येण्यासाठी नुसते कर्तृत्व पुरत नाही. यादी करणाऱ्याशी सूर जुळावा लागतो, हे सत्य परिचारिकांच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर लिहिलेले आहे.

पदके यथावकाश आली. राणी व्हिक्टोरियाने १८८३ मध्ये लष्करी शुश्रूषेसाठी ‘रॉयल रेड क्रॉस’ हा सन्मान सुरू केला आणि नाइटिंगेलबाईंना तो लगेच मिळाला. क्रिमियात सेवा केलेल्या ज्या मोजक्या धर्मभगिनी हयात होत्या त्यांना तो १८९७ साली, म्हणजे युद्ध संपल्यानंतर एकेचाळीस वर्षांनी देण्यात आला. मदर क्लेअर १८७४ च्या डिसेंबरातच प्रभूघरी गेल्या होत्या. पुढे रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय चळवळीने १९१२ साली नाइटिंगेल ह्यांच्या नावाचे पदक ठरविले व १९२० पासून ते दिले जाऊ लागले. आपल्या भारत सरकारने त्याच नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९७३ साली सुरू केला.

मात्र आज आपण ज्याला अतिदक्षता म्हणतो तिचा जन्म व्हायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये, पोलिओची भयंकर साथ आली. ज्यांच्या श्वसनाचे व गिळण्याचे स्नायू लुळे पडले असे रुग्ण ब्लेगडाम रुग्णालयात धडाधड मरू लागले. पहिल्या तीन आठवड्यांत अशा एकतीस रुग्णांपैकी सत्तावीस दगावले. श्वासोच्छ्वास चालविणारी लोखंडी पेटी रुग्णालयात एकच होती. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन ह्यांनी २७ ऑगस्ट रोजी एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून त्यातून नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरली. मुलगी वाचली. मग प्रत्येक रुग्णाच्या उशाशी कोणीतरी बसून रात्रंदिवस पिशवी दाबीत राहणे आले. सुमारे पंधराशे वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हे काम केले. मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पुढच्याच वर्षी त्याच शहरातील दुसऱ्या रुग्णालयात इब्सेन ह्यांनी कायमचा अतिदक्षता विभाग उघडला.

ही कथा जेथे जेथे वाचावी तेथे इब्सेन ह्यांचे नाव येते, आणि ते यावेच. विद्यार्थ्यांचा आकडाही येतो. विद्यार्थी तर पाळी संपली की उठून जात. कफ ओढून काढणे, लुळ्या देहाची कूस दर थोड्या वेळाने बदलणे, नळीची जागा स्वच्छ ठेवणे, घाबरलेल्या लेकरांची समजूत घालणे, आणि नवख्या विद्यार्थ्याच्या हाताचा ताल चुकतो आहे हे ओळखणे, हे ज्यांच्याकडे होते त्या परिचारिकांची नावे ह्या कथेत सहसा सापडत नाहीत.

आता आम्ही ज्या घटनेकडे येतो ती पदकांच्या कोणत्याही इतिहासात नसते, पण आमच्या मते परिचारिकेच्या गौरवाची ती सर्वांत मोठी घटना आहे. हृदयविकाराचा झटका येऊन रुग्णालयात पोहोचलेले रुग्णही त्या काळी मोठ्या संख्येने दगावत. पुष्कळांचे हृदय अचानक ठोक्यांचा ताल सोडून नुसते थरथरू लागे. विजेचा झटका दिला तर ते पुन्हा तालावर येते, हे विज्ञानाला कळले होते. अडचण होती ती वेळेची. मेंदूला रक्त न मिळता चारपाच मिनिटे गेली, की पुढे हृदय चालू होऊनही माणूस परत मिळत नाही. ह्या चारपाच मिनिटांत परिचारिका धावत जाऊन डॉक्टरांना बोलावणार, डॉक्टर जिना चढून येणार, यंत्र शोधले जाणार! खाटेजवळ यंत्र होते, परिचारिकाही होती. फक्त तिला हात लावण्याची मुभा नव्हती. विजेचा झटका देणे हा डॉक्टरांचा अधिकार.

१९६२ च्या मे महिन्यात अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे डॉ. ह्यूज डे ह्यांनी आणि त्याच सुमारास फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात डॉ. लॉरेन्स मेल्ट्झर ह्यांनी हृदयरुग्णांसाठी वेगळे विभाग काढले. मेल्ट्झर ह्यांच्या ध्यानात आले, की ह्या विभागाचा कणा म्हणजे त्यात चोवीस तास हजर असणारी व्यक्ती, आणि ती व्यक्ती डॉक्टर नाही. रोझ पिनिओ ह्या परिचारिकेला बरोबर घेऊन त्यांनी परिचारिकांना हृदयाचा आलेख वाचायला शिकविले, संकट येण्यापूर्वीच्या खुणा ओळखायला शिकविले आणि प्रसंग येताच डॉक्टरांची वाट न पाहता विजेचा झटका देण्याची मोकळीक दिली. १९६५ साली मेल्ट्झर, पिनिओ आणि किचेल ह्या तिघांच्या नावाने परिचारिकांसाठी ह्या विषयाचे पाठ्यपुस्तक निघाले. मुखपृष्ठावर दोन डॉक्टरांच्या मध्ये एका परिचारिकेचे नाव! आज हे वाचताना काही विशेष वाटणार नाही. त्या काळच्या वैद्यकीय जगात डॉक्टर वॉर्डात आले की परिचारिकेने खुर्ची सोडून उभे राहावयाचे असे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या तीन नावांचा अर्थ उलगडतो. असे विभाग रुळल्यावर हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात होणारे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले.

अधिकार हाती आला की जबाबदारीची कसोटीही मागून येते, आणि ती परिचारिकांनी स्वतःच मागून घेतली. १९६९ साली नॉर्मा शेफर्ड ह्यांच्या पुढाकाराने अमेरिकेत ह्या विभागांतील परिचारिकांची संघटना स्थापन झाली. प्रथम ती हृदयरुग्णांपुरती होती. १९७१ मध्ये तिने सर्वच अत्यवस्थ रुग्णांच्या परिचारिकांना कवेत घेतले. १९७६ पासून ह्या संघटनेने विशेष प्रावीण्याची परीक्षा सुरू केली. परीक्षा एकदा उत्तीर्ण होऊन भागत नाही, ठरावीक वर्षांनी प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. २००३ मध्ये संघटनेने ‘बीकन’ म्हणजे दीपस्तंभ नावाचा पुरस्कार काढला तो कोणा एकीसाठी नव्हे, संपूर्ण विभागासाठी. अतिदक्षतेतील रुग्ण एका पाळीकडून दुसऱ्या पाळीकडे सोपविला जातो आणि मधली एक कडी कच्ची निघाली तर सारे व्यर्थ जाते, हे ज्यांनी अनुभवले त्यांनाच असा पुरस्कार सुचावा.

आणखी एका पुरस्काराची कथा आमच्या वाचक कुटुंबांना आवडेल. १९९९ च्या अखेरीस अमेरिकेत पॅट्रिक बार्न्स नावाचा तेहतीस वर्षांचा तरुण रक्ताच्या विकाराने आठ आठवडे रुग्णालयात झुंजून मरण पावला. घरच्यांनी एकत्र बसून विचार केला, की आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत? उत्तर आले: परिचारिका. बेशुद्ध पॅट्रिकशी त्या जे बोलत, त्याला जे जपत, ते आईवडिलांनी पाहिले होते. त्यातून ‘डेझी’ पुरस्कार निघाला. त्यासाठी नाव सुचवितात ते रुग्ण आणि नातेवाईकही. पुरस्काराबरोबर दालचिनीचे गोड रोल साऱ्या विभागाला वाटतात. कारण अन्नावरची वासना उडालेल्या पॅट्रिकने एकदा असा रोल आवडीने खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी सर्व परिचारिकांसाठी घेऊन या, असे वडिलांना सांगितले होते.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतातील प्रशिक्षित परिचारिकांची संघटना १९०८ सालची, म्हणजे चांगलीच जुनी. १९४७ मध्ये परिचारिका परिषदेचा कायदा झाला. पदकांची वाण कधी पडली नाही. केरळमधील पेरांब्रा येथील सरकारी रुग्णालयात निपाह विषाणूच्या रुग्णाची शुश्रूषा करताना लिनी पुतुश्शेरी ह्यांना लागण झाली आणि २१ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार त्यांच्या पतीने राष्ट्रपतींच्या हस्ते स्वीकारला. २०२० हे साल जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिकांचे वर्ष म्हणून आधीच ठरविले होते, आणि नेमक्या त्याच वर्षी कोरोना आला. २२ मार्चला आपण गॅलऱ्यांत उभे राहून थाळ्या वाजविल्या. त्याच दिवसांत कोठे कोठे घरमालकांनी परिचारिकांना खोल्या रिकाम्या करायला सांगितल्याच्या बातम्याही आल्या.

थाळ्या वाजविणे सोपे असते, पगाराचे काय? खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या तुटपुंज्या वेतनाविरुद्ध त्यांच्या राष्ट्रीय संघटनेला सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधील आदेशानंतर नेमलेल्या समितीने शिफारस केली, की पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा २०,००० रुपयांहून कमी वेतन असू नये आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तर ते सरकारी वेतनाइतके असावे. केरळ राज्याने २०१८ मध्ये किमान वेतन तसे वाढविलेही. शिफारस आणि पगाराचे पाकीट ह्यांत किती अंतर असते, हे मात्र आमच्या वाचकांतील अनेक घरांना आम्ही सांगावयास नको. ह्या व्यवसायात मुलगी शिकवायची, तिने अनुभवासाठी दोन वर्षे अल्प पगारावर राबायचे आणि मग आखाती देशाची वा आयर्लंडची वाट धरायची, ही रीत का पडली ह्याचे उत्तर पुष्कळ अंशी त्या पाकिटात आहे. जिच्या मापाने रुग्णाच्या शिरेत औषध जाते, तिच्या पाळीत किती रुग्ण असावेत हे ठरविताना तिला कोणी विचारते काय, हा प्रश्न तर त्याहून पुढचा.

आणि तरीही ह्या देशातील सर्वोच्च न्यायासनाने परिचारिकांना दिलेली एक पोचपावती अशी आहे, की तिच्या तोडीचे दुसरे उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथीलच एका सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला. गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. मुंबईच्या परिचारिकांनी तेव्हा संप पुकारला. तिला तेथून हलविण्याचे प्रयत्न पुढे झाले, तेव्हा केईएमच्या परिचारिका आड उभ्या राहिल्या. ती आमची आहे, येथेच राहील, एवढेच त्यांचे म्हणणे. अरुणाबरोबर काम केलेल्या निवृत्त झाल्या, त्यांच्या मागून आलेल्याही निवृत्त झाल्या. जिला अरुणा चालतीबोलती कधी दिसली नव्हती अशी नवी मुलगी कामावर रुजू होई आणि तिला भरविण्याची, पुसण्याची, कूस बदलण्याची पाळी घेई.

दयामरणाच्या मागणीचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा अरुणाला पाहण्यासाठी तीन डॉक्टरांची समिती नेमण्यात आली. ७ मार्च २०११ रोजी निकाल लागला. अर्ज फेटाळला गेला. त्याच निकालाने काही अटींवर जीवरक्षक उपचार थांबविण्याची वाट मोकळी केली. धर्मसभेची त्यावरची शिकवण हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, तो वाद येथे नको. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हे, की अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, ह्या प्रश्नावर न्यायमूर्तींनी केईएमच्या कर्मचाऱ्यांचे नाव घेतले. रक्ताचे नातेवाईक दूर राहिले. अर्ज करणाऱ्या लेखिकेची तळमळ न्यायालयाने मान्य केली. पण इतकी वर्षे जिने भरविले, धुतले, कूस बदलली, तीच तिची खरी आप्त, असा त्यांचा कौल होता. आणि त्यासाठी पुरावा म्हणून त्यांनी एका साध्या गोष्टीची मुद्दाम नोंद केली. इतक्या वर्षांत अरुणाच्या पाठीला अंथरुणाची एकही जखम झालेली नव्हती.

निकालाच्या दिवशी केईएममध्ये परिचारिकांनी मिठाई वाटली. त्यानंतर चार वर्षांनी अरुणाला न्यूमोनिया झाला. तिला अतिदक्षता विभागात हलवून कृत्रिम श्वसनावर ठेवण्यात आले आणि १८ मे २०१५ रोजी, बेचाळिसाव्या वर्षी, केईएममधील ती पाळी संपली.